दुबार

क्वीन्सटाउन, सिंगापूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय क्षिप्रा,

मंगळवारी तुझा मेसेज आला आणि मी त्याला नुसता अंगठा पाठवला. पाच वर्षांनी पुन्हा मनासारखी नोकरी, तीही ऑडिटमधली, पुण्यात, घरापासून वीस मिनिटांवर, आणि माझ्याकडून काय, तर अंगठा. तू म्हणाली असशील, बाईला शिंगं फुटली. तसं काही नाही गं. मी तेव्हा पाया लेबारच्या ऑफिसात जिन्यात उभी होते आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. अभिनंदन. मनापासून. हा शब्द लिहितानासुद्धा आत काही हलल्यासारखं वाटत नाहीये, पण तो खोटा नाही एवढं धरून चाल.

इकडचं म्हणशील तर घर तेच, घरमालकही तोच, भाडं तेवढं वाढलंय. तुझी खोली आता अवनीची. तेरा वर्षांची झाली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर येतं, आणि फारच मागे लागलं तर इथल्या मुलांसारखं 'कॅन लाह', म्हणजे 'हो गं', म्हणून दार लावून घेते. दारावर तू चिकटवलेला कागदी मोर मात्र तिने काढू दिला नाही. अभयची नोकरी गेल्या दिवाळीच्या आधी गेली. तुला मुद्दामच कळवलं नव्हतं, तू लगेच फोन केला असतास आणि मला तेच तेच सांगायचा कंटाळा आला होता. तेव्हापासून आम्ही तिघं माझ्या एकटीच्या वर्क पासवर आहोत. माझी नोकरी आहे तोवर पास, आणि पास आहे तोवर हे घर आणि अवनीची शाळा. नोकरी गेली की तीस दिवसांत देश सोडायचा. अभय अर्ज करतोय, मुलाखती देतोय, मधल्या वेळात पोळ्या करायला शिकलाय. बऱ्या करतो. कडा जाड राहतात.

तुला ती काउंटी आठवते? आठवत असणारच. अमेरिकेतली, मक्याची आणि दुधाची. नाव लिहीत नाही, कारण आपण दोघींनी तशा सह्या केल्या आहेत. २०२०चा मे महिना, सर्किट ब्रेकर, म्हणजे इथला लॉकडाउन चालू, खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टेबलांना पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि आपण दोघी माझ्या जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप घेऊन. शाळा-हॉटेलं बंद, दुधाला गिऱ्हाईक नाही, म्हणून तिकडचे शेतकरी दूध शेतात ओतून देत होते. सरकारने त्यांना मदत जाहीर केली आणि त्या एका काउंटीचे अर्ज तपासायचं काम फिरत फिरत आपल्या कंपनीकडे आलं. चारशे बारा शेतकरी. ते झोपले की आपण त्यांच्या गाई मोजायला बसायचो.

त्या अर्जांवर हसणं हीच तेव्हा आपली करमणूक. अकरा अल्पाका पाळणारा तो माणूस आठव. अल्पाका म्हणजे काय ते आपण फोनवर शोधलं आणि अवनीने त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलं. एका म्हाताऱ्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं की आमचं ठीक चाललंय, आधी दुसऱ्यांना द्या. तू म्हणालीस, हा अर्ज नक्की बायकोच्या धाकाने भरलेला आहे. नियम एकच कडक होता, एका कुटुंबाला एकदाच मदत. नवरा-बायको एकच शेत करत असतील आणि दोघांनी अर्ज केले, तर दुसरा बाद. त्यासाठी स्क्रीनवर एक लाल बटण होतं. त्यावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहिलं होतं, पण तू त्याला दुबार म्हणायचीस, मतदारयादीत म्हणतात तसं. 'सुलेखा, दुबार सापडला!' असं तू ओरडलीस की अभय बिचारा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये दचकायचा.

मग तुझ्या आईला, काकूंना, हॉस्पिटलमध्ये नेल्याचा फोन आला. त्या आठवड्यातलं मला सगळं नीट आठवतं, कदाचित तुझ्यापेक्षाही नीट, कारण तुला तेव्हा शुद्ध नव्हती. विमानं बंद. जी थोडी सुटत होती त्यांच्या यादीत तुझं नाव लागेना. तू रोज दूतावासाला फोन करत होतीस आणि दर वेळी आधी आपली जन्मतारीख सांगत होतीस. गुरुवारी, २८ मेला, सकाळी दहा वाजता तुझ्या भावाचा फोन आला. काकू गेल्या होत्या. त्या दिवशी त्याने लांबून, काचेच्या पलीकडून, जेवढं दाखवता येईल तेवढं फोनवर दाखवलं. तू आतल्या खोलीत, दाराकडे पाठ करून, जमिनीवर बसून ते बघत होतीस.

टेबलावर तुझा लॅपटॉप उघडाच होता. तुझ्या यादीत साठ अर्ज शिल्लक होते आणि ते संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. सुट्टी मागायची असते हेसुद्धा आपल्या दोघींना सुचलं नाही, काय दिवस होते. ज्याची यादी त्याच्याच लॉगिनमधून उघडायची, म्हणून मी तुझ्या खुर्चीत बसले. दारातून तुला सांगितलं, यादीचं मी बघते, तू तिकडे लक्ष देऊ नकोस. तू मान हलवलीस, निदान मला तसं वाटलं. अकरा वाजता बसले आणि चारला उठले. साठच्या साठ संपवले. तुझ्यासाठी वरणभात लावला, तू तो खाल्ला नाहीस, रात्री अभयने गरम करून खाल्ला. तुझ्यासाठी आपण काहीतरी केलं याचं मला त्या दिवशी जरा बरं वाटलं होतं.

त्या साठांमध्ये रूथ रसेल केलर नावाच्या बाईचा अर्ज होता. वय सहासष्ट, अडतीस गाई, पत्ता काउंटी रोड चौदा. त्याच रस्त्यावर, दोन शेतं सोडून, रसेल केलर नावाच्या माणसाचा अर्ज आधीच मंजूर झालेला. आता तूच सांग, माझ्यासारखीला यात काय दिसणार? आधी स्वतःचं नाव, मधे नवऱ्याचं, शेवटी आडनाव. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी सुलेखा अभय झाले, रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंत. आई तशीच, सासूबाई तशाच, नणंद तशीच. रूथ रसेल केलर म्हणजे रसेल केलरची बायको, यात विचार करण्यासारखं मला काही दिसलंच नाही. घराचा नंबर वेगळा होता, तर मी मनात म्हटलं, लबाड आहेत, एकाने घराचा पत्ता दिलाय आणि एकीने गोठ्याचा. दुबारचं बटण दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं की आपल्या पतीला मदत मिळालेली आहे. दोन मिनिटं लागली असतील. वर स्वतःवर खूशही झाले. तुझं मधलं नाव तुझ्या वडिलांचं. त्या खुर्चीत तू असतीस तर कदाचित थांबून विचारलं असतंस, हे नवऱ्याचंच कशावरून?

यात माझं काही चुकलंय हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षं माहीत नव्हतं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्या काउंटीच्या कचेरीतून विचारणा आली. तिथे कुणी नवीन कारकून आलाय, त्याने जुने तक्रारअर्ज उपसले. रूथ केलर या बाईने त्यांना चार वेळा पत्र लिहून एकच प्रश्न विचारला होता आणि चारही वेळा तिला तेच छापील उत्तर गेलं होतं. आता त्या कारकुनाने आमच्या कंपनीला विचारलं, या बाईला मदत नाकारली ती कशावरून, कुणी नाकारली, का नाकारली, महिनाभरात लेखी कळवा. मी आता टीम लीड आहे, म्हणून मॅनेजरने ते माझ्याकडे दिलं. मी फाइल उघडली आणि पुन्हा तीच चूक केली. पुन्हा मला नवरा-बायकोच दिसले. बाई हट्टी दिसतेय असं वाटलं. बाईशी बोलून खात्री करून घ्यावी म्हणून मी सकाळी आठला इथून फोन लावला, तिच्याकडे संध्याकाळ.

तिने आधी माझं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. आवाज खणखणीत. मी ठरल्याप्रमाणे विचारलं की अर्जाच्या वेळी आपण आणि आपले पती रसेल एकत्र शेती करत होता का.  मग ती म्हणाली, "रसेल माझ्या वडिलांचं आडनाव. माझा नवरा कार्ल. तुम्ही ते नकाराचं पत्र पाठवलंत तेव्हा त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती." तिकडे काही बायका लग्नाआधीचं आडनाव असं मधे ठेवतात. आणि रस्त्यावरचा रसेल केलर हा तिचा दीर. दिराचं नाव आणि माहेरचं आडनाव एकच, यावर म्हणे लग्नात सगळे हसले होते.

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे सगळं क्रमाने सांगत गेली. त्या पत्रात, पतीला मदत मिळालेली आहे, हे माझं वाक्य वाचून तिला वाटलं, कार्लने काहीतरी करून ठेवलं असणार. दुसरं खातं, दुसरा पत्ता, कदाचित दुसरी बाई, जिला त्याच्या नावाने अजून काही मिळतंय. तिने त्याचे खण उपसले. कोटांची अस्तरं उसवली. बँकेत जाऊन त्याचे वीस वर्षांचे कागद मागितले. काहीच निघेना, तरी संशय जाईना, कारण सरकारी कागदावर छापलेलं होतं. नंतर तो संशय दिराकडे वळला आणि दोन वर्षं एका रस्त्यावर राहून दोघं बोलले नाहीत. गाई तिने त्याच उन्हाळ्यात विकल्या होत्या, अडतीसही. त्या मदतीवर तिने त्या हिवाळ्यापर्यंत ठेवल्या असत्या, असं म्हणाली.  मग पुन्हा कार्लवर आली. "मी मेलेल्या माणसावर संशय घेतला," ती म्हणाली, "आणि त्याला उत्तर द्यायची सोय नव्हती."

मी क्षमा मागितली, कंपनीने लिहून दिलेल्या वाक्यात. शेवटी तिने विचारलं, तुम्ही बोलताय कुठून. सिंगापूर म्हटल्यावर विचारलं, तुमच्याकडे गाई आहेत का. मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.

घड्याळात आठ चाळीस झाले होते. मी खाली गेले, थोसाई, म्हणजे इथला डोसा, खाल्ला, चटणी पुन्हा मागून घेतली. रडू येईल म्हणून वाट बघितली, आलं नाही. ऑफिसला जाताना एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, बसायला जागा मिळाली याचं बरंसुद्धा वाटलं. तेव्हापासून हे असंच चाललंय. दाढ काढल्यावर ओठ हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तसं. अवनीच्या शाळेत कौतुकसमारंभ झाला, मी टाळ्या वाजवल्या. अभयने डॉक्टरकडे जा म्हणून दोनदा सांगितलं. मी त्याला म्हटलं, मला काही होत नाहीये आणि तेच होतंय. त्याला कळलं नाही. त्याला मी तोवर काही सांगितलंच नव्हतं.

रूथचं काम झालं, हे आधी सांगते. चूक आमची हे मान्य झालं, या महिन्यात तिची मदत निघेल, तसं पत्रही गेलं. मग उत्तरात राहिला 'कुणी' हा रकाना. मॅनेजरने माझ्यासमोर त्या दिवसाची नोंद काढली आणि त्यात तुझं नाव आलं. साहजिकच आहे, लॉगिन तुझं होतं. तो म्हणाला, चला, ती आता कंपनीत नाही, कुणाला त्रास होणार नाही. मी समोरच बसले होते, क्षिप्रा. मी होते त्या खुर्चीत, एवढंच म्हणायचं होतं. मी मनात तीस दिवस मोजले, अवनीची परीक्षा कधी ते आठवलं, अभयच्या मुलाखती आठवल्या, आणि गप्प बसले. मग त्याने विचारलं, या मुलीचं त्या दिवसांत घरी काही चाललं होतं का? नुसतं 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं, त्या दिवशी तिची आई गेली. मला वाटलं, यामुळे तुझा दोष हलका होईल. असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. त्याने ते लगेच लिहून घेतलं.

ते उत्तर गेल्या सोमवारी गेलं. त्यात तुझं पूर्ण नाव आहे, आणि कारण म्हणून लिहिलंय की आईच्या निधनामुळे सदर कर्मचाऱ्याचं कामावर लक्ष नव्हतं. मंगळवारी तुझा मेसेज आला. तुझी नवी कंपनी तुझ्याबद्दल इथे विचारणार, आमच्या एचआरने तुझी फाइल काढून ठेवली आहे आणि या उत्तराची प्रत त्या फाइलमध्ये लावली आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून हे पत्र. सोबत इंग्रजीतलं एक पान जोडलंय. २८ मे २०२० रोजी अकरा ते चार क्षिप्राच्या लॅपटॉपवर मी बसले होते, ते साठही अर्ज मी तपासले, तिला एकाचीही कल्पना नव्हती, असं लिहून सही केली आहे, माझा पासनंबर घातला आहे. ते तुझ्या नव्या लोकांना दाखव आणि आमच्या एचआरलाही पाठव. हे खरं तर मीच नेऊन द्यायला हवं. दोनदा मॅनेजरच्या दारापर्यंत जाऊन परत आले. ते जड काम मी तुझ्या गळ्यात घालतेय, हाही माझा भित्रेपणाच. अभयला काल सांगितलं. तो पोळी लाटत होता, लाटतच राहिला, मग म्हणाला की सामान आठ दिवसांत बांधून होईल. तेव्हा आमची दया येऊन ते पान फाडू नकोस. माझ्याशी पुन्हा बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मला विचारू नकोस. पण काकू गेल्या त्या दिवशी तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तू आतल्या खोलीत तुझ्या आईजवळ होतीस. तिचं जाणं त्या कागदावरून निघालं पाहिजे.

तुझीच,
सुलेखा